निरसं दूध आणि चतुराबाईचा खुबा
झरी गावात कुणाची शेळी विताना अडली की चतुराबाईला बोलावणं यायचं. आडवं आलेलं करडू हात घालून सरळ करावं ते तिनंच. पैसे ती घेत नसे. शेळी मोकळी झाली की त्या घरच्या दुधाचा पेला तिथंच, निरसा, प्यायची. तिच्या सासूला मोठ्या शेतकऱ्यांच्या दारात पाणीसुद्धा वरून ओंजळीत मिळायचं. चतुराबाईला मात्र त्यांतल्याच दत्तरावांच्या घरातून त्यांच्या रोजच्या पेल्यात दूध येई. तो पेला तिनं कधी परत पाठवला नाही.

पडून खुबा मोडला, तेव्हा मुलानं, जीवननं, परभणीला नेऊन कृत्रिम सांधा बसवून आणला. दीड वर्ष ती छान हिंडली. मग संध्याकाळचा ताप यायला लागला, अंग घामानं भिजायचं, खुबा ठणकायचा. टायफॉइड समजून औषधं झाली. शेवटी परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी सांध्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. जंतूचं नाव निघालं ब्रुसेला.

"दूध कच्चं पिता?" बाईंनी विचारलं.

सून राजेश्री म्हणाली, "पितात की. लय आवडीनं."

"तुला कुणी इचारलं?" चतुराबाई म्हणाली.

हा जंतू निरशा दुधातून, जनावर विताना पडणाऱ्या वारेतून माणसात येतो, बाई म्हणाल्या. कृत्रिम सांध्यात क्वचितच जाऊन बसतो. सांधा अजून पक्का होता, म्हणून आधी काही महिने गोळ्या. नाहीच जमलं तर सांधा काढायचा, जंतू जाईपर्यंत तसंच पडून राहायचं, मग नवा. निरसं दूध आणि उघडा हात, दोन्ही बंद.

गोळ्यांनी लघवी केशरी झाली, जेवणावरची वासना उडाली. ताप मात्र उतरला.

अशात दत्तरावांची बायको रुख्मिणी शेळी अडली म्हणून स्वतः बोलवायला आली. चतुराबाई काठी टेकत गेली, खुर्चीवर बसली आणि जीवननं आणलेले लांब हातमोजे तिनं रुख्मिणीलाच घालायला लावले.

"मला न्हाई जमायचं ओ," रुख्मिणी म्हणाली.

"जमतंय की. दोनी पाय धरा. कळ आली की वढा."

करडू जिवंत आलं. रुख्मिणी हात धुऊन पेला घेऊन आली. घरातली सगळी बघत होती.

"मला न्हाई चालत आता," चतुराबाई म्हणाली.

"काऊन? इतके वर्षं चाललं की. आता आमचं दूध वंगाळ झालं व्हय?"

एक घोट घ्यावा, कुणाला कळतंय, असं चतुराबाईच्या मनात येऊन गेलं. खुर्चीत ती जरा सरकली. खुबा दुखला नाही.

"उकळून द्या. चांगलं वर येऊस्तोवर."

"उकळून?"

"मी बसते हितं."

रुख्मिणी तोंड वाकडं करून आत गेली. बऱ्याच वेळानं पेला आला. चतुराबाईला त्या दुधाला काही चवच लागली नाही, पण तिनं ते सगळं संपवलं.

गोळ्या संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, खुब्याचा एक्स-रे पाहिला. सांधा काढायची गरज नव्हती. मधूनमधून दाखवायला यायचं होतं. दवाखान्याबाहेर जीवन रिक्षा बघायला निघाला.

"कशाला रिक्षा?" चतुराबाई म्हणाली. "स्टँडवर जाऊ की चालत."