गच्चीचा वापर: काही नाही

करारनामा चौदा पानांचा होता आणि इंग्रजीत होता, म्हणून तो माझ्याकडे आला. आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो कुणी उघडत नाही. टीव्हीखालच्या कप्प्यात माझी वाट बघत पडून राहतो. बँकेचं पत्र, गॅसचा कागद, पप्पांच्या कारखान्यातली नोटीस, सगळं तिथंच. मी बारावी झाल्यापासून हे असं चाललंय. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं कळतं असं सगळे धरून चालतात. कळत नाही, हे सांगायला मला अजून जमलेलं नाही.

पप्पा सातपूरला एका कारखान्यात मशीनवर आहेत. आमचं मूळ गाव चांदवडकडचं, पण माझा जन्म इथलाच. अंबडच्या बाजूला चार खोल्यांचं घर आहे, वर मोकळी गच्ची. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एकेका गच्चीवर निळी पॅनेलं दिसायला लागली आणि उन्हाळ्यातल्या लाइट बिलानं वैतागलेल्या पप्पांच्याही मनात ते आलं. मग डिसेंबरात एका कंपनीचा माणूस घरी आला. टापटीप शर्ट, हातात टॅब, दर वाक्याला "ताई". त्यानं दोन रस्ते सांगितले. पॅनेलं विकत घ्यायची, म्हणजे पैसे आपण घालायचे, सरकारी अनुदान मागाहून मिळवायचं आणि देखभालही आपणच करायची. नाहीतर वीस वर्षांच्या भाड्यानं घ्यायची, म्हणजे सगळं कंपनीचं, आपण फक्त गच्ची द्यायची आणि दर महिन्याला ठरलेलं भाडं.

"भाड्यानं घेऊ," पप्पा तिथल्या तिथं म्हणाले. "आपल्याला आधी खिशातून काय काढायचं नाय. बिघडलं तर त्यांचं त्यांनी बघावं. मग इचार कसला?"

"पप्पा, वीस वर्षं आहेत."

"वीस वर्षांत तू साहेब होशील, आम्हाला एसी लावून देशील. मग बघू."

आई चहा घेऊन आली, कप ठेवले आणि आत गेली. तिला कुणी काही विचारलं नाही. 

त्या माणसानं गच्ची मोजली. पॅनेलचे पाय जिथं येणार होते तिथं लाल ऑइलपेंटनं फुल्या मारल्या. मग मला एक फॉर्म भरायला दिला. माझं अक्षर चांगलं आहे आणि फॉर्म भरायला मला मनातून आवडतं, हे कबूल करायला हवं. त्यात एक रकाना होता, गच्चीचा सध्याचा वापर. मी आजूबाजूला पाहिलं. पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायची दोरी, एक मोडकी खुर्ची. मी लिहिलं, काही नाही.

पुढचे दोन महिने त्या कराराबरोबर गेले. मी तो कॉलेजच्या लायब्ररीत नेऊन वाचायचे. एका ओळीत चार शब्द अडायचे. मोबाइलवर अर्थ बघायचा, तो पेन्सिलीनं वर लिहायचा, मग सगळी ओळ पुन्हा वाचायची, तरी हाती काही लागायचं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुली सेमिस्टरच्या नोट्स काढत असायच्या आणि मी आमच्या गच्चीचा अभ्यास करत असायचे. एकदा धीर करून आमच्या कॉमर्सच्या सरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "अगं, मी स्वतः भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मला गच्ची कुठली?" पण मग बसवून घेतलं आणि दोन प्रश्न लिहून दिले. मुदत संपल्यावर पॅनेलं कुणाची? मध्येच सोडायचं झालं तर काय? मी ते कंपनीच्या माणसाला फोनवर विचारले. तो म्हणाला, "ताई, टेन्शनच घेऊ नका, स्टँडर्ड करार आहे." हे उत्तर नव्हतं, हे मला कळलं. पण मी बरं म्हणून फोन ठेवला.

समोरच्या घरातले काका एसटीतून निवृत्त झालेत. त्यांनी पॅनेलं विकत घेतलीत. ते मला गेटवर अडवून म्हणाले, "पोरी, भाड्याचं घर नाही पटलं तर सोडून जाता येतं. भाड्याचं पॅनेल आपल्या डोक्यावर बसतं. विकत घे."

आतून काकूंचा आवाज आला, "विकत घेतलीत म्हणून रोज वर जाऊन आंघोळ घालतात त्यांना. मला कधी एक बादली उचलून दिली नाही!"

"धूळ बसली की वीज कमी होते गं," काका मला समजावत होते.

"माझ्यावर बसलीय ती कोण पुसणार?"

मी हसले. घरी येऊन वहीत दोन रकाने काढले, एका बाजूला भाडं, एका बाजूला खरेदी. रकाने भरत गेले तशी मी जास्तच गोंधळत गेले. आज ठरवायचे, उद्या मोडायचे. पप्पा शिफ्टवरून आले की शर्ट काढता काढता विचारायचे, "वाचलं का?" आणि मी म्हणायचे, "थोडंच राहिलंय." त्यांच्या चेहऱ्यावर इतका थकवा असायचा की मला वाटायचं, निदान ही एक गोष्ट तरी आपण यांच्या डोक्यावरून उतरवावी. शेवटी मीच म्हणाले, भाड्यानं घेऊ. करारात तसं वाईट काही दिसत नाही. पप्पांनी सहीसाठी पाडवा ठरवला. चांगल्या कामाला चांगला दिवस.

करारात एक कलम होतं, ते मी दोनदा वाचलं होतं. पॅनेलच्या जागेत आणि तिच्या भोवती काही ठेवू नये, सावली पडेल असं काही करू नये, कंपनीच्या माणसांशिवाय तिथं कुणाचा वावर असू नये. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे संक्रांतीला पतंग उडवणारी पोरं आली. पप्पांना मी सांगितलं, "पोरांना वर सोडायचं नाही, एवढंच."

होळी झाली आणि आईच्या कुरडयांना सुरुवात झाली.

हे मी आधी सांगायला हवं होतं. माझी आई दर वर्षी होळीपासून अक्षय्य तृतीयेच्या पुढंपर्यंत कुरडया, पापड आणि सांडगे करते, आमच्यासाठी नव्हे, गल्लीतल्या आणि पलीकडच्या कॉलनीतल्या घरांसाठी. ज्यांच्याकडे लग्न आहे ते आधीपासून सांगून ठेवतात. लोक गहू आणून देतात. ती ते तीन दिवस भिजत घालते, रोज पाणी बदलते, वाटून पिळून त्याचा चीक काढते. तो रात्रभर बसू देते, वरचं पाणी ओतून टाकते आणि सकाळी मोठ्या पातेल्यात मीठ-हिंग घालून शिजवते. गरम आहे तोवरच सोऱ्यानं कुरडया पाडायच्या असतात. गार झाला की चीक सोऱ्यातून उतरत नाही. त्या पैशांतून माझी पहिल्या वर्षाची फी भरली गेली होती. हे सगळं मला माहीत होतं. लहानपणापासून मीच तर ओल्या कुरडया चोरून खात आले. तरीही तो रकाना भरताना मला यातलं काही आठवलं नाही. कॉलेजच्या फॉर्ममध्ये "आईचा व्यवसाय" असतो, तिथं मी न थांबता "गृहिणी" लिहिते. त्याच हातानं, तितक्याच सहज, मी "काही नाही" लिहिलं होतं.

त्या दिवशी सकाळी मी पातेलं धरायला आईबरोबर वर गेले. पातेलं एकटीला उचलत नाही. ऊन नुकतंच टाकीच्या वर आलं होतं. पाहिलं तर आईनं प्लास्टिकचा कागद नेहमीसारखा मधोमध अंथरलेला नव्हता. कठड्याच्या कडेनं, जेमतेम दीड हात रुंदीची एक पट्टी करून घडी घालून पसरला होता. लाल फुल्यांच्या आतली सगळी जागा मोकळी होती. आई त्या फुल्यांना वळसा घालून चालत होती, जसं सारवलेल्या ओल्या जमिनीच्या कडेनं चालतात तसं. पातेलं खाली टेकवल्यावर ती कठड्याला पाठ घासत, अंग चोरून, कुरडया पाडायला बसली.

"आई, इकडं का? मधे टाक ना."

"नगं. तिथं तुमचं यायचंय."

"पण अजून आलं कुठंय?"

"येईल की. आत्तापासून सवय करते."

मी भरल्या पातेल्याकडे पाहिलं. "मग इतक्या कुरडया मावतील का इथं?"

"नाय मावत." तिनं सोऱ्या फिरवायचा थांबवला नाही. "या वर्षी तिघींना नाय म्हणून सांगितलं. जमंल तेवढं करायचं."

"तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही दोघं कागदाचं बघत व्हता. तू दोन महिने वाचत होतीस. मला वाटलं, कागदात असंल गच्ची सोडायची म्हणून. कागदात हाय तर मग आपण काय बोलायचं?"

जिन्यात पावलं वाजली. पप्पा रात्रपाळीवरून आले होते. घरात कुणी दिसेना म्हणून डब्याची पिशवी खांद्याला तशीच ठेवून वर आले. आल्या आल्या म्हणाले, "चहा नाय का आज?" आणि मग त्यांनीही ते पाहिलं. अरुंद पट्टीवर दाटीनं पाडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या कुरडया. मधली रिकामी गच्ची. त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवून टाकीजवळ ठेवली.

"आसं का केलं हिनं?" त्यांनी मला विचारलं. आईला नाही.

मी सांगितलं. कलम काय आहे ते नीट सांगितलं, या वेळी पतंगांचं नाव न काढता. फॉर्ममध्ये मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं. 

पप्पांना राग आला, पण तो कुणावर काढायचा ते त्यांना ठरवता येईना. "उंच स्ट्रक्चर करून देतो म्हणाला होता तो माणूस. त्याच्याखाली बसून कर म्हणावं हिला काय करायचं ते."

आई हसली. त्या सकाळी पहिल्यांदाच. "आवो, खाली सावली. सावलीत कुरडई वाळत नाय, आंबते. तुमच्या त्या पाट्यांना ऊन लागतं, तसं माझ्या कुरडयांना बी तेच लागतं. ऊन एकच हाय."

 चीक गार व्हायला लागला होता.

"चल गं, हात लाव," आई म्हणाली. मी कागदाचं खाली दुमडलेलं टोक ओढलं आणि पाडलेल्या कुरडया न हलवता तो मधोमध, फुल्यांच्या वरून पसरला.  आई पायातली चप्पल कडेला काढून मधे येऊन बसली. पप्पा खाली गेले आणि त्यांनी स्वतः चहा टाकला. साखर फार झाली होती.

पाडव्याला सही झाली नाही. कंपनीच्या माणसाचे चार फोन आले. "ताई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्ही असं करता?" असंही तो म्हणाला. मी "सॉरी" म्हणाले. खरं तर सॉरी म्हणायचं माझं काम नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.  मग एका रविवारी समोरच्या काकांना बोलावून पप्पांनीच जिन्याच्या खोलीचा स्लॅब दाखवला. तिथं कुणी चढत नाही, तिथं काही वाळत नाही. काका म्हणाले, दोन पॅनेलं बसतील, जास्त नाही. आणि एवढ्याशा कामाला भाड्यानं देणारे येत नाहीत, ते विकतच घ्यावं लागेल.

"दोन पॅनेलांसाठी एवढा खटाटोप?" पप्पा म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

तो खटाटोप अजून चालू आहे. लाइट बिल आमच्या नावावर नाहीच, प्लॉटच्या आधीच्या मालकाच्या नावावर आहे, हे अनुदानाचा अर्ज करताना कळलं. नाव बदलायला मी वीज कार्यालयात तीनदा जाऊन आले. एकदा साहेब नव्हते, एकदा झेरॉक्स कमी पडली, एकदा नुसतंच "सोमवारी या". लेक्चर बुडतात. परतताना सिटी बसमध्ये बसायला मिळालं तर डोळा लागतो. कधी कधी वाटतं, पाडव्याला सही केली असती तर हे सगळं संपलं असतं. मग घरी येऊन वर बघते.

मागच्या आठवड्यात तिथंच पॅनेलांचा नवा अर्ज भरला. त्यातही तो रकाना होता, छताचा सध्याचा वापर. मी लिहिलं, कुरडया आणि पापड वाळवणे, होळी ते अक्षय्य तृतीया, रोज. खिडकीतल्या बाईंनी ते वाचून माझ्याकडे पाहिलं. "हे काय? इथं नुसतं मोकळं की बांधकाम, एवढंच लिहायचं असतं." मी म्हणाले, "राहू द्या ना मॅडम." त्यांच्यापुढे कागदांचा ढीग होता, माझ्या मागे रांग होती. त्यांनी शिक्का मारला.

घरी येऊन आईला सांगितलं. ती हरभऱ्याची डाळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "सांडगे लिहिले का?"

"नाही."

"मग अर्धंच लिहिलं," ती म्हणाली, आणि सूप माझ्याकडे सरकवलं.