रेघेवरची खोटी खूण

पाय सरळ वर उचलताच मी किंचाळले, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी निदान सांगितलं: स्लिप डिस्क. म्हणजे दोन मणक्यांमधली गादी सरकते आणि पायात जाणाऱ्या शिरेवर दाब देते. मी एवढंच विचारलं, "लेकीला कडेवर घेता येईल न्हवं?" ते म्हणाले, "इतक्यात नाही."

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही कळंबजवळ तलावाच्या कामावर होतो. मातीची पाटी उचलताना कमरेत कळ आली, ती थेट टाचेपर्यंत गेली. दोन वर्षांच्या सुमीला सासूबाईंजवळ ठेवून मालकांनी, म्हणजे सुमीच्या वडिलांनी, मला एसटीत आडवं घालून सोलापूरच्या इस्पितळात आणलं.

वॉर्डात लहान मुलांना बंदी होती. खिडकीखाली कुणाचं पोर रडलं की माझा जीव गोळा व्हायचा. सुमीच्या केसांचा वास आठवायचा. खरं सांगते, कमरेपेक्षा तेच जास्त दुखायचं.

भूल देणारे एक डॉक्टर तिथं पाठीच्या दुखण्यावर संशोधन करत होते. त्यांनी मला एपिड्यूरल दिलं, म्हणजे मणक्यातल्या शिरांभोवती औषध सोडणारं इंजेक्शन. मग रोज सकाळी ते कागदावर आखलेली एक रेघ पुढं धरायचे. डावं टोक म्हणजे काहीच दुखत नाही, उजवं म्हणजे सहन होत नाही. मधे आपण खूण करायची.

मी हुशार! खूण डावीकडं गेली की घरी सोडतात, हे मी दोन दिवसांत हेरलं. दात-ओठ खात रोज थोडी थोडी डावीकडं सरकवत गेले. डॉक्टर खूश झाले, पुढं ठरलेलं दुसरं इंजेक्शन रद्द केलं, परवा घरी जा म्हणाले. दुसऱ्याच दिवशी चालताना पाय लटपटला आणि मी त्यांच्यासमोर मटकन खाली बसले.

ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. खुणा खोट्या होत्या, हे माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कामावर तुमचा खड्डा कसा मोजतात?"

"मधोमध मातीचा खुंट न खणता ठेवत्यात. त्याच्या उंचीवरनं खोली मोजत्यात."

"आणि तो खुंटच कुणी वरून छाटला तर?"

"मग खोल खणलेलंबी उथळ दिसंल की," मी म्हणाले. कामावर कुणी आमच्या खुंटाला हात लावला असता, तर मी भांडून गाव गोळा केलं असतं. इथं मीच तो छाटत बसले होते.

त्या दिवशी पहिल्यांदा खरी खूण केली, पार उजवीकडं. दुसरं इंजेक्शन मिळालं, पण घरी जाणं महिनाभर लांबलं. मालक भेटायला आले तेव्हा म्हणाले, "सुमी आता लई पळती, धरायला गावत न्हाय." मी तोंड भिंतीकडं केलं.

घरी आल्यावरही तीन महिने वजन उचलायचं नव्हतं. तुमच्यावर ही वेळ आली, तर घर कितीही ओढत असलं तरी दुखणं कमी करून सांगू नका. आज मी चालते, वाकते, ती त्या डॉक्टरांची कृपा.

तीन महिने संपले त्या सकाळी सुमीला कडेवर घेतलं. कमरेत कळ नाही. दोन पावलं टाकली तोच ती पाय झाडत म्हणाली, "सोड. पळायचंय." मी तिला खाली ठेवलं. ती पळाली.

दर महिन्याला डॉक्टरांना कार्डावर रेघ आखून खूण पाठवायची होती. डोळे पुसून बसले आणि अगदी डाव्या टोकाला, खरीखुरी खूण केली. खाली जागा उरली होती. तिथं लिहिलं, लेकीला घेऊन दोन पावलं चालले.