पेटीमामांनी कापलेलं गाणं

पेटीमामांचा हातापेक्षा गालावर भरवसा. हार्मोनियमचा भाता कुठून फुटला ते शोधायचं, तर भात्याला गाल लावून बसायचे, तापल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. "हाताले वारा समजत नाई पोरी, हात निबर झाले," म्हणायचे. वडनेर भोलजीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. तेव्हा हे सारं मी दारात बसून तांदूळ निवडता निवडता पाहिलेलं.

लोकांच्या पेट्या दुरुस्त करता करता त्यांच्या मनानं घेतलं, की यात्रेतल्या लाकडी घोड्यांच्या गोल पाळण्यासाठी आपोआप वाजणारी पेटी करायची. जुन्या भजनी पेट्यांतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या काढून त्यांनी कपाटाएवढी पेटी बांधली. पाळणा फिरला की त्याला जोडलेला भाता हलायचा आणि पुठ्ठ्याची लांब पट्टी आत सरकायची. पट्टीत भोक असेल तिथं सूर वाजायचा, कोरा पुठ्ठा आला की पेटी गप्प. सांगायला एवढंच, पण ती भोकं कापण्यात मामांचे उन्हाळेच्या उन्हाळे गेले.

गाणं शांतामामींचं. घरात काम करताना त्या गुणगुणायच्या ते. मामींना दमा होता. ओळ झाली की थांबायच्या, कधी ओळीच्या मधेच. मामा समोर पेन्सिल घेऊन पुठ्ठ्यावर खुणा करत बसलेले.

"मी दम घेतो तेवढं सोडून द्या न," मामी म्हणायच्या.

"काऊन सोडू? भाता हाये तं दम बी पाह्यजे. तू गानं म्हन."

पेटी पुरी व्हायच्या आत मामी गेल्या. पुढे अंगणात ती पहिल्यांदा वाजली, गाणं मधेच थांबलं, आणि माझ्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "माय व, शांता दम घेऊन राह्यली." मामा भात्याला गाल लावून उभे होते.

त्या साली नांदुऱ्याकडच्या एका यात्रेत पेटी पाळण्याला जोडली. मीही गेले होते. झालं असं, की गाणं थांबलं की लोकांना वाटायचं फेरी संपली. फिरत्या पाळण्यावरूनच उतरायला लागायचे. एक पोरगी अशीच घोड्यावरून उतरताना पडली, हनुवटी फुटली.

पाळणेवाला मामांना मानणारा, तरी म्हणाला, "मामा, हे मधातलं थांबनं भरून काढा. नाई तं पेटी घरी न्या, मी लाउडस्पीकर लावतो."

मी म्हटलं, "मामा, घरीच नेऊ. पुढच्या साली दुसरं गाणं कापा."

मामा त्या पोरीकडे पाहत होते. आईनं तिच्या हनुवटीला पदर दाबून धरला होता.

"जनमभर घरातच गायली थे," मामा म्हणाले. "आता मेल्यावर बी घरातच ठेवू काय तिले? आन तिच्या दमापायी लेकरं पडाले नोको."

लिंबाखाली बसून त्यांनी पट्टी मांडीवर घेतली. कोरी जागा भरायची म्हणजे आधीच्या सुराचं भोक पुढे चिरत न्यायचं. एकेक जागा चिरत गेले. एका ठिकाणी सुरी थांबली. मला म्हणाले, "इथं तिले खोकला आलता." मग तीही जागा चिरली.

संध्याकाळी पेटी सलग वाजली. मधे कोणी उतरलं नाही. मामा बाजूला उभे. मामींच्या थांबण्याची जागा आली की त्यांची छाती जराशी वर यायची, श्वास घेतल्यासारखी. गाणं पुढे निघून जायचं.

मामाही गेले. पेटी त्या पाळणेवाल्याकडे आहे, अजून यात्रेत वाजते. नातवंडांना घेऊन जाते मी. घोड्यांवर बसलेल्या लेकरांना ते गाणं एका दमात म्हटलेलंच वाटतं, आणि वाटू दे. मामींना गाताना ऐकलेलं माणूस आमच्या आळीत आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. पेटीबरोबर गुणगुणताना मामींच्या दमाची जागा आली की मी थांबते. गाणं काही थांबत नाही. मी ओळभर मागे राहते.