तेरानं भाग जातो

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकताच लागलो होतो. त्यांनी हयातभर शाळेत गणित शिकवलं, संध्याकाळी बिबवेवाडीतल्या आमच्या घरी शिकवण्या घेतल्या. माझ्या कंपनीच्या बसमध्येही त्यांचे दोघं-तिघं विद्यार्थी होते.

हातपाय हळूहळू सावरले. भागाकार मात्र गेला.

डॉक्टरांनी सांगितलं, "काका, एकपासून आकडे म्हणा." बाबांनी नऊपर्यंत म्हटले, दहा काही येईना, पुन्हा एक आला.

"छान," डॉक्टर म्हणाले.

"छान काय? सलग लिहिले तर एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे एक्याण्णव झाले. कितीनं भाग जातो, ते सांगा."

आम्ही हसलो. बाबा परत आले, असंच वाटलं.

घरी त्यांनी ती संख्या पाटीवर लिहिली आणि सातानं भागायला घेतली. एक दिवस बाकी दोन यायची, दुसऱ्या दिवशी पाच. चुकतंय हे त्यांना कळायचं, कुठे ते कळायचं नाही.

मी ऑफिसात छोटा प्रोग्रॅम लिहून पाहिला आणि घरी येऊन सांगितलं, "बाबा, मूळ संख्या आहे. कशानंच भाग जात नाही. वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या संख्यांनी कॉम्प्युटरनं भागून पाहिलं."

"त्यानं पाहिलं. मी कुठे पाहिलंय?" म्हणत त्यांनी पुन्हा सातापासून सुरुवात केली.

आईला ते बघवेना. ताट निवत असायचं आणि हे पाटी पुसत बसायचे. एका दुपारी, मी कामावर असताना, ती म्हणाली, "अहो, त्याचा फोन आला होता. कॉम्प्युटरचं चुकलं म्हणे. तेरानं भाग जातो." तोंडाला आला तो आकडा तिनं सांगितला होता.

मी घरी आलो तेव्हा बाबांचा चेहरा उतरलेला होता. "अकरा उरतात," ते म्हणाले. "पुन्हापुन्हा केलं. अकराच."

मी पाटी ओढून ताडून पाहिलं. वाकड्यातिकड्या आकड्यांत मांडलेला भागाकार अगदी बरोबर होता. झटक्यानंतरचा पहिला.

"बाबा, अकराच उरतात! तुमचं बरोबर आहे!"

"मग ही तेरा म्हणाली ते?"

"मीच खोटं सांगितलं हो," आई रडू लागली. "तुम्ही थांबावं म्हणून."

बाबांनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "दुपारी ती खोटं बोलली, आता तू बोलतोयस. मला बरं वाटावं म्हणून."

मी त्यांच्यासमोर पायरी पायरीनं सगळं करून दाखवलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी जितका आवाज चढवून समजावत होतो, तितकं ते मला लहान मुलाला समजवावं तसं म्हणत राहिले, "बरं. असेल."

नंतर मी कधी पेन्सिल हातात दिली, की मी खोलीतून बाहेर पडेपर्यंत ते ती नुसती धरून ठेवायचे, मग बाजूला ठेवून द्यायचे.