तिसरं नाव

सरांनी माझ्या नावावर माझ्यासमोरच लाल रेघ मारली.

मी तेव्हा मेडिकल कॉलेजात शिकाऊ डॉक्टर, सर आमचे विभागप्रमुख. सर्पदंशावरचा तो शोधनिबंध माझा होता. पूर्णेच्या आसपासच्या खेड्यांत वर्षभर एसटीनं, पायी फिरून, घरोघरी बसून माहिती गोळा केलेली.

सर म्हणाले, "फॉर्म भरणं म्हणजे संशोधन नव्हे रे. तुमच्या लोकांना इथवर येऊ दिलं, ते पुरे नाही का?"

तुमच्या लोकांना. आम्ही बौद्ध. खोलीत आणखी दोघं होते. एक हसला.

मी म्हणालो, "हो सर." एवढंच. वर त्याच कागदाच्या झेरॉक्स काढून आणून दिल्या.

निबंध छापून आला. माझं नाव शेवटी, आभारांत. पिंगळीला घरी नेऊन वडिलांना दाखवलं. "लय बारीक छापलंय की रे," ते म्हणाले. मी खाली बघून जेवत राहिलो.

हे मी भाषणांत पुष्कळदा सांगितलंय. टाळ्या घेतल्यात. पुढचं कधी सांगितलं नाही.

पुढं मी स्वतः शिकवायला लागलो, तेव्हा मुक्ता माझी विद्यार्थिनी. पूर्णेच्या रेल्वे गँगमनची पोरगी, आमच्याच समाजाची. तिचे वडील मला 'आपले डॉक्टरसाहेब' म्हणायचे. राणीसावरगावाकडच्या खेड्यांत साप चावलेल्या बायका दवाखान्यात उशिरा का येतात, हे तिनं शोधून काढलं. मी मार्गदर्शक. एकदाही गावात गेलो नाही. दारात गाडी असून.

निबंध तिनं लिहिला. मला प्रोफेसर व्हायचं होतं, आणि बढतीला पहिल्या नावाचा निबंध लागत होता. पहिलं नाव मी माझं टाकलं. दुसरं अधिष्ठात्यांचं. त्यांनी तो वाचलाही नव्हता, पण त्यांचं नाव घालायची आमच्याकडं रीतच. तिसरं तिचं.

"सर, असं का?" तिनं विचारलं.

"पद्धत असते, बाळ."

बाळ म्हणालो मी तिला.

निबंध गाजला. परदेशातले लोक आपल्या लेखांत त्याचा संदर्भ द्यायला लागले. असे किती संदर्भ झाले, तो आकडा मी सकाळी दात घासायच्या आधी मोबाइलवर बघायचो. वाढला की दिवस बरा जायचा.

मग एका परदेशी संशोधिकेचं पत्र आलं. या बायका परक्यांशी बोलत नाहीत, तुम्ही त्यांना नेमकं काय विचारलंत? साधा प्रश्न. मला उत्तर माहीत नव्हतं.

मुक्ताला फोन लावला. ती आता एका तालुक्याच्या दवाखान्यात होती. पूर्वी 'जय भीम, सर' म्हणून फोन उचलायची. आता नुसतं "बोला" म्हणाली. मी पत्रातला प्रश्न वाचून दाखवला.

"उशीर का केला म्हणलं की बाया गपच बसतेत, सर. गुन्हा केल्यावानी. मी विचारायचे, मावशी, चावल्यावर पहिलं कुणाला सांगितलं? मग बोलायच्या. कित्येकींनी कुणालाच सांगितलं नव्हतं. भाकरी टाकायच्या राहिल्या होत्या म्हणून."

मी भराभर लिहून घेत होतो. ती थांबली.

"झालं का लिहून? का परत सांगू?" मग हळूच, "हे उत्तर पण तुमच्याच नावानं जायलंय ना?"

मी फोन ठेवून दिला. तीन दिवस तो लिहिलेला कागद खिशात घेऊन फिरलो. सरांनी निदान तोंडावर रेघ मारली होती. मी पाठीवर हात ठेवून मारली.

चौथ्या दिवशी नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलं. काम मुक्ताचं, लेखन मुक्ताचं, पहिलं नाव तिचं लावा. माझं काढा, अधिष्ठात्यांचंही काढा. पत्राची प्रत अधिष्ठात्यांना दिली.

त्यांनी बोलावून घेतलं. "डोकं फिरलं का तुझं? तू प्रोफेसर झाला असतास, तर तुमच्या समाजाचं नाव झालं असतं!"

"मुक्ता कोणत्या समाजाची आहे, सर?"



बढतीचा अर्ज मी मागं घेतला. दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर छापल्याबद्दल माझ्यावर चौकशी लागली आहे. मुक्ताची माफी मागितलेली नाही. मागितली असती, तर माफ करायचं कामही पुन्हा तिच्याच अंगावर पडलं असतं. पत्राची प्रत तेवढी पाठवली. तिचं उत्तर नाही. मी वाटही बघत नाही.

चौकशी समितीपुढं मी वकील नेणार नाही. या विभागातला एकेक निबंध टेबलावर ठेवणार. गावोगाव कोण फिरलं, लिहिलं कुणी, नाव कुणाचं लागलं. सगळं सांगणार, सुरुवात माझ्यापासून.