बॉम्बरचा डावा पंख आणि उत्तनचं मागचं दार

माझ्या नातीनं गेल्या आठवड्यात ह्याच पानावर जे लिहिलंय ते साफ खोटं आहे. म्हणे, "माझ्या आईबाबांचं लग्न उत्तनच्या किनाऱ्यावर, मावळत्या सूर्याच्या साक्षीनं जमलं." कसला सूर्य मावळतोय? भर दुपार होती, नाकात सुक्या बोंबलाचा वास होता, आणि माझ्या हातात अमेरिकेच्या विमानाचा डावा पंख होता. मयूरीला म्हटलं, पूस ते. तर म्हणते, "आजी, तूच लिही. आणि रस्तापण सांग, लोकांना जायचं असतं." शाळा मी चौथीत सोडली. चुका दिसल्या तर गिळा.

हां, आता नमस्कार.

नव्वदच्या पुढची गोष्ट. परळची खोली विकून आम्ही मीरा रोडला आलो होतो. आमचे हे गोदीत क्रेन चालवून रिटायर झालेले. मोठं यंत्र दिसलं की जेवणसुद्धा विसरायचे. पेपरात अमेरिकेच्या त्या नव्या बॉम्बरचं चित्र आलं आणि घरात दुसरा विषय उरला नाही. वटवाघळासारखं काळं, शेपूट नसलेलं विमान. रडारला दिसत नाही म्हणे. किंमत एवढी, की त्याच्या वजनाइतकं सोनं घेतलं तरी स्वस्त पडावं.

मी म्हटलं, "मग सोनंच घ्यायचं ना. अडीअडचणीला मोडता तरी येतं."

"तुला नाही कळायचं," हे म्हणाले.

मला त्यातली एकच गोष्ट पटली. ते विमान पहिल्यांदा लोकांना दाखवलं तेव्हा पाहुण्यांना फक्त समोर उभं केलं, मागच्या बाजूला फिरकू दिलं नाही. गुपित सगळं मागं. मग पेपरवाल्यांनी छोटं विमान वर नेलं आणि तिथून फोटो काढले. शाबास! आपल्याकडे स्थळ दाखवतात तेही असंच की. पुढच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट आणि कांदेपोहे. मागच्या दारी काय चाललंय ते कोण दाखवतंय?

हे डोक्यात यायला कारण होतं. आमच्या सुनंदानं स्वतःच मुलगा ठरवला होता. हरेश, तिच्याच कारखान्यात फिटर, उत्तनचा कोळी. मुलगा वाईट दिसत नव्हता. पण शहरात नळाच्या पाण्यावर वाढलेली माझी पोर तिथं जाऊन डोक्यावर मासळीची पाटी घेणार? मला नकारच द्यायचा होता, फक्त कारण हातात हवं होतं. म्हणून चोरून चौकशीला जायचं ठरवलं. सुनंदाला सांगितलं, पावसाळ्याचे बोंबील भरायला चाललोय. खरं काय ते फक्त ह्यांना ठाऊक. पिशवी उचलायला माणूस लागतो.

आता रस्ता. मीरा रोडहून भाईंदर एकच स्टेशन. पश्चिमेला उतरायचं आणि उत्तनची बस धरायची. उजवी-डावी खिडकी असले नखरे नकोत, सावलीची बाजू मिळाली तरी खूप. मुर्धा, राई सोडलं की मोकळा वारा लागतो. तेव्हा बाजूला मिठागरं होती, मिठाचे ढीग उन्हात असे चमकायचे की डोळे मिटावे लागायचे. ह्यांनी खिडकीबाहेर एकदा पाहिलं नाही. खिशातलं कात्रण काढून शेजारच्या बाईला पंखाची लांबी सांगत होते.

"एकशे बहात्तर फूट!"

"अच्छा," ती म्हणाली आणि उठून पुढं जाऊन उभी राहिली.

मी लुगड्यांत हिशोब केला. नऊवारी सहा जोडली तरी पंख उरतोच, आणि अंगाची लांबी जेमतेम अडीच लुगडी. सगळा रुबाब आडवा.

उत्तनला उतरून चालत मासळी वाळवायच्या खळ्यापर्यंत गेलो. बांबूंच्या उंच वलांड्या, त्यांवर बोंबील जोडीजोडीनं तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले. फोटो काढायचे असतील तर पावसात जाऊ नका, वलांड्या रिकाम्या असतात. चप्पल जुनी घाला.

हरेशची आई तिथंच मासळी विकत बसली होती, सुनंदाच्या बोलण्यातल्या खुणांवरून ओळखली. दणकट बाई. घर पाठीमागंच. मी बोंबील हातात घेतले, पण डोळे घराकडे. तिनं भाव सांगितला, मी हो म्हटलं. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"भाव न्हाय करीत?"

"आहेत चांगले," मी म्हटलं.

तेवढ्यात ह्यांनी मोकळी जागा पाहिली आणि कात्रण बाहेर काढलं. "बाई, दोर आहे का तुमच्याकडे? एक विमान मोजायचंय."

मला वाटलं आता ही बाई आम्हाला हाकलणार. पण ती उठली, होडीचा दोर आणला. "किती फूट?" विचारलं आणि दोन्ही हात पसरून वाव मोजायला लागली. एक वाव म्हणजे हात पसरल्यावर ह्या बोटापासून त्या बोटापर्यंत. दोर संपता संपेना. बाजूच्या बायका टोपल्या टाकून आल्या. एकीनं विचारलं, "यो इमान आमच्या खळ्यात उतरतंय का काय?"

उजवं टोक ह्यांनी धरलं, मधोमध हरेशची आई, डावं टोक माझ्या हातात दिलं.

"जा मागं!" हे ओरडले. "अजून मागं! पंख संपला नाही!"

मी मागं मागं जात राहिले. वलांडी गेली, तुळस गेली, भिंत गेली. पंख संपला तेव्हा मी बरोबर त्या घराच्या मागच्या दारात उभी होते. आणि तिथं हरेश, लुंगी वर खोचून, राख आणि काथ्या घेऊन एक भलामोठा टोप घासत होता.

"काकू, पाणी देऊ?" तो म्हणाला. मी कोण, कुठली, काही विचारलं नाही.

"हे रोज तूच करतोस?"

"आय मासळी विकते, मग घरातला कोण करील?"

मी दोर तिथंच टाकला. नकाराचं कारण शोधायला आले होते, हातात काही राहिलं नाही. पुढं आले तर त्याची आई दोर गुंडाळत होती.

"बगून झाला असंल तर जेवाला चला," ती म्हणाली. "भाव न करता सुकी मासळी घेते ती बाय मासळीला आलेलीच न्हाय."

पापलेटाचं कालवण, तांदळाची भाकरी. असं जेवण तुम्हाला तिथं हॉटेलात मिळणार नाही, ओळख काढा.

परतताना बोंबील कापडी पिशवीत घेतले, ती चूक करू नका, दोन प्लास्टिकच्या पिशव्या घ्या. बसमध्ये आमच्याभोवती आपोआप जागा झाली. बिल्डिंगमध्ये शिरलो तर वरच्या मजल्यावरून गुजराती शेजारीण नाकाला पदर लावून म्हणाली, "माजी, उत्तन गये थे?" तिकडे एवढं थोरलं विमान रडारला कळत नाही, आणि आमची चौकशी तिसऱ्या मजल्यापर्यंत कळली.

लग्न झालं. सुनंदानं पाटी कधी उचलली नाही, विहीणबाईंनीच उचलू दिली नाही. जावई आजही भांडी घासतात, त्यात वाद नाही.

पण एक गोष्ट मला इतकी वर्षं खटकतेय. भाव न केल्यावर मी ओळखू आले, ठीक. पण त्याआधीच कालवण शिजून तयार होतं, तेही पाहुण्यांपुरतं. म्हणजे आम्ही येणार हे कोणीतरी कळवलं होतं. आमच्या ह्यांना विचारायची सोय राहिली नाही, ते आता कुठल्याच रडारवर दिसत नाहीत. आणि तो टोप, जावईबापू, मी आले तेव्हाच लख्ख होता, तरी तुम्ही घासतच होता. मागचं दार म्हणून मला पुढचंच दार दाखवलं की काय?

खाली उत्तर लिहायला जागा आहे. मयूरीनं लिहायचं नाही, सुनंदानं तर मुळीच नाही, ती हसते. हरेशरावांनी स्वतः लिहायचं, आणि आधी हातातलं भांडं खाली ठेवायचं.