कोरडी चटई

माझी नात उंच उडी मारते. अंगानं काटकुळी, पाय लांब, म्हणून मैदानावरची पोरं तिला टोळ म्हणतात. गेल्या वर्षी ती गादीच्या कडेवर आदळली आणि कंबर धरली. हाड मोडलं नव्हतं. मोडलं असतं तर बरं, असं ती एकदा म्हणाली. प्लॅस्टर निदान दिसतं. बाकावर बसलं की दुखायचं, दप्तर उचललं की दुखायचं, आणि खेळाचे सर विचारायचे, अजून तेच का?

शाळेचं शेवटचं वर्ष. संघाची निवड काही महिन्यांवर आली होती. या वेळी राहिली तर राहिलीच.

दवाखान्यात कंबरेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिलेले व्यायाम पाहून माझ्या सुनेला हसू आलं. उताणं पडायचं, गुडघे मोडायचे, पोट आत धरायचं आणि एकेक टाच जरा उचलायची. एवढंच. याला व्यायाम म्हणतात होय, म्हणाली. तिचंही बरोबर. आमच्या घरात कामाचं माप म्हणजे घाम. मी जन्मभर जिन्यांवरून कपाटं चढवली, मुलगा भट्टीवर असतो, सून दिवसभर उभ्यानं इस्त्री करते. कुणी दमलो म्हणालं की पहिला प्रश्न, घाम आला का?

तेव्हा नातीनं घाम येईपर्यंत व्यायाम केला. सांगितल्याच्या दुप्पट, मग तिप्पट, ओठ चावून. चटई भिजायची आणि सून ती कौतुकानं दोरीवर टाकायची. कंबर मात्र जिथल्या तिथं. एक दिवस बरा जायचा, दुसऱ्या दिवशी भिंत धरून उठायची. असे महिने गेले. पुढं पुढं घरात कुणी विचारेनासं झालं.

दवाखान्यात तिला मी नेत असे. एकदा बाईंनी समोर व्यायाम करायला लावला. पोरगी थांबेचना. पाठ जमिनीवरून सुटली, मान ताठ झाली, तरी पाय चालूच. बाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. पोट केव्हाच थकलंय, आता सगळा भार कंबर ओढतेय, असं म्हणाल्या. रोज इतकं करतेस का, विचारलं. नात तोऱ्यात म्हणाली, "याहून जास्त."

बाई रागावल्या नाहीत. निवडीला जायचं नाही आणि व्यायाम पहिल्यापासून सुरू करायचे, एवढंच त्यांनी सांगितलं.

परतताना बस रिकामी होती, तरी ती उभीच राहिली. मी तिला कपाटाचं सांगितलं. जिन्याच्या वळणावर कपाट टेकवायचंच, अंगात दम असतानाच. वळण न थांबता ओलांडलं की वरच्या पायऱ्यांवर हात सुटतात.

"तुम्हाला वर पोचायचं तरी होतं, आबा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "माझा वरचा मजलाच गेला."



निवडीच्या दिवशी तिनं घरात चटई टाकली. सांगितले तेवढेच व्यायाम केले आणि थांबली. पाय अजून शिवशिवत होते, ते तिनं हातानं दाबून धरले. मग कुशीवर वळून, हात टेकून, एखाद्या म्हातारीसारखी उठली.

"घामच नाही आला," ती म्हणाली. "काही केल्यासारखं वाटत नाही."

सुनेनं सवयीनं चटई उचलली, हात फिरवून पाहिला आणि घुटमळली.

"आई, गुंडाळून ठेव," नात म्हणाली. "उद्या परत तेवढंच आहे."